सतरा सप्टेंबरचा धडा : वर्ग एकच, पण कुणाला सगळं ठाऊक, कुणाला काहीच नाही

नांदेड / लातूर : दरवर्षी १७ सप्टेंबरला गावोगावच्या शाळेत झेंडा होतो, प्रभातफेरी निघते, भाषणं होतात. पण सातवी-आठवीच्या लेकरांना विचारून बघा, १५ ऑगस्टला झेंडा झाला होता, मग महिनाभरात परत कशाला? एखाद्याच्या घरात पणजोबांचा स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट भिंतीवर असतो, तो घडाघडा सांगतो. दुसऱ्यानं 'रझाकार' हा शब्द तेवढा ऐकलेला असतो. तिसरी मान खाली घालून बसते, कारण अर्धं वर्ष ती आईबापासोबत ऊसतोडीवर असते.

ही तिन्ही लेकरं एकाच वर्गात आहेत. गुरुजी एक, पुस्तक एक, तास चाळीस मिनिटांच्या आसपास. सगळ्यांना एकाच पट्टीनं शिकवलं तर पहिला कंटाळतो, दुसरा घोकतो आणि तिसरीचा धडा कायमचा सुटतो. यावर उपाय आहे आणि त्याला जास्तीचा खर्च लागत नाही.

हा फरक हुशारीचा नाही

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार लेकराला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो. मधली वर्षं शाळा बुडालेलं लेकरूही आपल्या वयाच्या वर्गात बसतं. ते योग्यच आहे, पण मागचं राहिलेलं भरून काढणं शाळेवर येतं.

त्यात भाषेची भर पडते. तांड्यावरच्या लेकरांची घरची बोली गोरमाटी. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे काही घरांत तेलुगू, तर उदगीर, देवणी, निलंग्याकडे कन्नड. 'संस्थान', 'विलीनीकरण', 'जहागीर' हे शब्द मराठी घरातल्या लेकरालाही जड जातात, मग यांचं काय?

इतिहासाचं पुस्तकही पायरीपायरीनं चढतं. सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग, आठवीत आधुनिक भारत. एक पायरी हुकली की पुढची उंच वाटते. शिवाय हैदराबाद संस्थानाचं विलीनीकरण आठवीच्या पुस्तकात शेवटाकडे येतं. तो धडा निघेपर्यंत ऊसतोडीची लेकरं कारखान्याच्या भागात गेलेली असतात. म्हणजे आपल्याच भागाचा इतिहास नेमका त्यांच्याच हातून निसटतो. म्हणून हा धडा सप्टेंबरातच, सगळी लेकरं हजर असताना घेतलेला बरा.

आधी विचारा, मग शिकवा

लेकराला आधीपासून काय ठाऊक आहे, यावर त्याचं पुढचं शिकणं सगळ्यात जास्त अवलंबून असतं, असं अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्येच मांडलं. शेतकरी पेरणीआधी जमीन बघतो, तसंच हे.

धड्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी. तीन प्रश्न पुरेत : १५ ऑगस्ट १९४७ ला आपलं गाव कुणाच्या राज्यात होतं? रझाकार कोण होते? घरात याबद्दल काय ऐकलंय? मार्क द्यायचे नाहीत. ज्याला लिहिता येत नाही त्यानं तोंडी सांगावं. चिठ्ठ्या वाचल्या की कुणाला काही ठाऊक नाही, कुणाला अर्धवट, कुणाला पक्कं आणि कुणाला चुकीचं, हे दहा मिनिटांत कळतं.

दोरीवर मांडलेला काळ

बऱ्याच लेकरांना सनावळी कळत नाही, कारण १९४८ किती लांब आहे याचा अंदाजच नसतो. वर्गात एक दोरी बांधावी. एक वीत म्हणजे दहा वर्षं. सुरुवात लेकराच्या जन्मसालापासून करावी. मग ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, तो प्रत्येक घराला ठाऊक आहे. मग १९८२, लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला. १९५६, उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातून इकडे आले. मग १९४८ आणि १९४७. आणखी मागे १७६०, उदगीरची लढाई. आणि १७०८, नांदेडला गुरू गोविंदसिंगजींचं देहावसान. बत्तीसेक वितींत तीनशे वर्षं मावतात.

प्रश्न एक, वाटा तीन

सगळ्या वर्गाला प्रश्न एकच द्यायचा : देश स्वतंत्र झाल्यावर आपला भाग तेरा महिन्यांनी का मोकळा झाला?

ज्यांना काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी नकाशा आणि घटनांची कार्डं. निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात सामील व्हायला नकार दिला. नोव्हेंबर १९४७ मध्ये 'जैसे थे' करार झाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोकांचा लढा चालू होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. ही कार्डं क्रमानं लावायची आणि अवघड शब्दांचे अर्थ आपल्या बोलीत सांगायचे.

ज्यांना अर्धवट ठाऊक आहे त्यांनी धडा वाचून कारणं काढायची. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करायचा, हे कळलं की लांबचा वाटणारा धडा एकदम घराजवळ येतो.

ज्यांना पक्कं ठाऊक आहे त्यांना पुन्हा तेच सांगायला लावू नये. त्यांनी आजीनं सांगितलेली हकिकत आणि पुस्तकातला मजकूर शेजारी ठेवायचा. कशात काय आहे, काय सुटलंय, का सुटलं असेल? हे काम सोपं नाही.

शेवटी तिन्ही गटांनी एकमेकांना सांगायचं. उत्तर सगळ्यांनी मिळून पूर्ण करायचं. सोपं काम मिळालं म्हणून उत्तर सोपं चालेल, असं नाही.

चुकीचं ठाऊक असेल तर

काहीच ठाऊक नसण्यापेक्षा हे अवघड. काही लेकरं मोबाईलवर फिरणाऱ्या क्लिपा बघून येतात आणि रझाकार म्हणजे सगळे मुसलमान असं धरून चालतात. त्याच वर्गात मुसलमान लेकरंही बसलेली असतात. तिथं नुसतं 'असं बोलू नये' म्हणून भागत नाही, पुरावा द्यावा लागतो. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान भारतात सामील होण्याच्या बाजूनं लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. रझाकार ही संघटना होती, धर्म नव्हता, हे या एका नावावरून लेकरांना कळतं.

गट कायमचे नकोत

मुख्य धोका इथंच आहे. एकदा 'कच्चा गट' म्हटलं की लेकरू वर्षभर ढ म्हणूनच बसतं. गट धड्यागणिक बदलायला हवेत. सातवीत मध्ययुगातला व्यापार निघाला की बैलांच्या पाठीवरून धान्य-मीठ वाहणाऱ्या लमाणांची गोष्ट तांड्यावरचं लेकरू सगळ्यात चांगली सांगेल. किल्ल्यांचा विषय निघाला की कंधार, उदगीर, औशाची लेकरं पुढे.

दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींना हे प्रत्येक धड्याला जमणार नाही. वर्षात तीन-चार धड्यांना केलं तरी पुष्कळ. कार्डं एकदा केली की पुढची वर्षं चालतात.

घरच्यांनी काय करावं

१९४८ पाहिलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. गावात कुणी असेल तर लेकराला घेऊन जा आणि मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. उमरीची बँक लूट, अर्जापूरचे हुतात्मा गोविंदराव पानसरे, आपल्या गावातला हुतात्मा स्मारकावरचा एखादा दगड, याबद्दल विचारा.

ऊसतोडीला जाण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. लेकरू कुठपर्यंत शिकलंय हे त्यावरून दुसऱ्या शाळेला कळतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत निकालासोबत हाही प्रश्न विचारा : कारखान्यावरून परत आलेल्या लेकरांचे सुटलेले धडे कोण आणि कधी घेणार?