परदेशातून घर घेताना (भाग ५) : नोएडातली जमीन कोणाची?

मस्कतला किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला ‘दिल्ली एनसीआर’ हे एकच शहर वाटतं, आणि जाहिरातवाल्यांचीही तीच इच्छा असते. प्रत्यक्षात दिल्लीचा कारभार वेगळा, गुरुग्राम आणि फरीदाबाद हरियाणात, तर नोएडा, ग्रेटर नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात. घरबांधणी व्यवसायाचं नियमन करणारा कायदा रेराचाच, पण प्राधिकरणं तीन राज्यांची. गेल्या आठवड्यात आपण महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प कसा तपासायचा ते पाहिलं. ती सवय इथेही कामाला येते, पण अर्धीच.

पुण्यात फ्लॅट घेताना वकील सर्वात आधी सातबारा मागतो. नोएडात बिल्डरच्या नावावर जमीन सहसा नसतेच. शेतकऱ्यांकडून संपादन केलेली ही जमीन नोएडा प्राधिकरणाची आणि बिल्डरकडे ती ९० वर्षांच्या पट्ट्याने आलेली. तेजीच्या काळात अनेक बिल्डरांनी जेमतेम दहा टक्के रक्कम भरून भूखंड घेतले आणि बाकीचे हप्ते ठेवले थकवून. फ्लॅटवाल्याच्या नावे होणारा उपपट्टा त्रिपक्षीय असतो: प्राधिकरण, बिल्डर आणि आपण. तिकडे त्याला सरसकट ‘रजिस्ट्री’ म्हणतात. बिल्डरने थकबाकी भरली नाही की प्राधिकरण रजिस्ट्री अडवून धरतं. मग पूर्ण पैसे भरलेला, बँकेचा हप्ताही फेडणारा माणूस स्वतःच्या घरात वर्षानुवर्षं नोंदणीकृत कागदाशिवाय राहतो.

आम्रपालीचं प्रकरण याच मुळातून वाढलं. महेंद्रसिंग धोनी ज्यांच्या जाहिरातींत झळकायचा, तोच हा समूह. घर न मिळालेल्या ग्राहकांनी समाजमाध्यमांवर धोनीलाच जाब विचारायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये तो त्या भूमिकेतून बाहेर पडला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने न्यायवैद्यक लेखापरीक्षण करवलं. शिपाई आणि ड्रायव्हर यांच्या नावे काढलेल्या कंपन्या सापडल्या. काही फ्लॅट तर चौरस फुटाला एक रुपया दराने बुक झाले होते! २३ जुलै २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने आम्रपालीची रेरा नोंदणी रद्द केली आणि अर्धवट इमारती पुऱ्या करण्याचं काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे दिलं. घरं अडकलेल्यांची संख्या ४२ हजारांच्या वर होती. जमिनीची थकबाकी या ग्राहकांकडून वसूल करता येणार नाही हेही न्यायालयाने बजावलं आणि डोळेझाक केल्याबद्दल प्राधिकरणं व बँका या दोघांनाही फटकारलं. या ग्राहकांपैकी अनेकांनी ‘मोठ्या बँकेने कर्ज दिलंय, म्हणजे कागद चोख असणार’ असाच हिशेब केला होता. परदेशातून घर घेणारा तर हमखास तोच करतो.

नकाशा मंजूर असणं हीसुद्धा पुरेशी हमी नव्हे. नोएडाच्या सेक्टर ९३-ए मधले सुपरटेक या बिल्डरचे जुळे मनोरे न्यायालयाने बेकायदा ठरवल्यामुळे २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुरुंग लावून पाडले, त्यांनाही नोएडा प्राधिकरणाची मंजुरी होतीच. त्यांच्याविरुद्ध न्यायालयात लढले ते शेजारच्या इमारतींमधले जुने रहिवासी.

तेव्हा तपास कागदाइतकाच फाटकापाशीही करावा. दिल्लीतल्या एखाद्या भाच्याला किंवा जुन्या मित्राला रविवारी संध्याकाळी त्याच बिल्डरच्या आधीच्या सोसायटीत पाठवा. मुलं खेळत असतात, आजोबा बाकावर बसलेले असतात. एवढंच विचारायचं, “अंकलजी, रजिस्ट्री हो गई?” उत्तर ‘हो’ असेल तर कधी झाली तेही विचारावं. त्यानंतर जे ऐकायला मिळेल ते कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं. अडलेल्या रजिस्ट्र्यांची ही कोंडी फोडायला, रखडलेल्या गृहप्रकल्पांसाठी नेमलेल्या अमिताभ कांत समितीच्या शिफारशींवरून उत्तर प्रदेश सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये सवलत योजना आणली. थकबाकीतली २५ टक्के रक्कम भरणाऱ्या बिल्डरांच्या रजिस्ट्र्या त्यामुळे मोकळ्या होऊ लागल्या, पण सगळ्यांच्या नाही. म्हणून प्राधिकरणाच्या थकबाकीचा ताजा आकडा आणि भोगवटा प्रमाणपत्र ही दोन्ही वकिलाकरवी लेखी मागवावीत. वकील आपला असावा, बिल्डरने सुचवलेला नको.

यमुनाकाठच्या ‘फार्महाऊस’ योजनांच्या वाटेलाच जाऊ नये. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस विकत घेण्याची मुभा नाही. घर किंवा दुकान घेता येतं. शिवाय नोएडातली अशी बरीच बांधकामं पूरक्षेत्रात उभी राहिली आणि २०२२ मध्ये त्यांच्यावर बुलडोझर फिरला. जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी यमुनेने २०८.६६ मीटरची पातळी गाठली, तेव्हा पूरक्षेत्र म्हणजे काय ते सगळ्यांनाच दिसलं.

सहीसाठी येणं जमणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र लागतं. ते दलालाच्या नावे कधीही करू नका. ज्या कामासाठी द्यायचं तेवढंच त्यात लिहा, भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या, आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.

गुरुग्राममध्ये जमीन खासगी असते आणि बिल्डरला राज्याच्या नगर नियोजन विभागाचा परवाना लागतो. तिथले घोळ निराळे आहेत, ते पुढच्या आठवड्यात.