हेल्मेट घातलं तरी दंड होऊ शकतो का? ‘टोपी हेल्मेट’बद्दल कायदा काय सांगतो?

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातून धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ५२ जातो. पारगाव, तेरखेडा ही गावं याच रस्त्यावर आहेत. शेतातून घरी, घरून बाजाराला, येरमाळ्याला नाहीतर तुळजापूरला दर्शनाला जायचं, तर बहुतेकांच्या हाताशी असते ती दुचाकी. आणि शेजारून जात असतात ट्रक आणि ट्रॅव्हल्स.

अशा रस्त्यांच्या कडेला दोरीवर टांगलेली किंवा ताडपत्रीवर मांडलेली स्वस्त हेल्मेट तुम्हीही पाहिली असतील. वजनाला हलकी, कान उघडे ठेवणारी, टोपीसारखी. ‘पोलिसांनी अडवू नये म्हणून’ अनेकजण तीच घेतात. काहीजण तर बांधकामावरचं पिवळं हेल्मेटही डोक्यावर ठेवून निघतात.

पण असं हेल्मेट घातलं म्हणजे नियम पाळला, असं होतं का? थोडक्यात उत्तर : नाही. कसं, ते समजून घेऊ.

कायद्यात नेमकं काय लिहिलंय?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १२९ हेल्मेटबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते असं सांगतं : दुचाकी चालवणाऱ्या किंवा दुचाकीवर बसलेल्या, चार वर्षांवरच्या प्रत्येक व्यक्तीनं हेल्मेट घातलं पाहिजे आणि ते केंद्र सरकारनं ठरवून दिलेल्या मानकांनुसार असलं पाहिजे. पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे.

याच कलमात हेल्मेट म्हणजे काय, हेही दिलंय. अपघातात डोक्याचं संरक्षण होईल असा आकार आणि साहित्य हवं, शिवाय ते पट्ट्यानं डोक्याला घट्ट बांधलेलं हवं.

म्हणजेच टोपी हेल्मेट, क्रिकेटचं हेल्मेट, बांधकामावरचं हेल्मेट किंवा पट्टा न लावलेलं चांगलं हेल्मेट, या सगळ्यांत कलम १२९ चं उल्लंघन होतं.

दंड किती?

कलम १९४ ड नुसार १००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. तडजोडीनं भरायची रक्कम राज्य सरकारं ठरवू शकतात. मुंबई वाहतूक पोलिसांनी २०२२ मध्ये मागे बसणाऱ्यांनाही हेल्मेट सक्तीचं केलं, तेव्हा ५०० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन असं जाहीर केलं होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस विभागानं सगळ्या जिल्ह्यांना मागे बसणाऱ्यांवरही कारवाई करायला सांगितलं. त्यामुळे हा फक्त मुंबई-पुण्याचा विषय राहिलेला नाही.

विकणाऱ्यांचं काय?

इथं खरा मुद्दा आहे. केंद्र सरकारच्या आदेशानुसार १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय मार्कशिवाय बनवणं, विकणं किंवा आयात करणं बेकायदा आहे. भारतीय मानक ब्युरो म्हणजे बीआयएस कायदा, २०१६ मध्ये अशा उल्लंघनासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाख रुपये दंड अशी तरतूद करण्यात आली.

कारवाई होतेही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, आधीच्या आर्थिक वर्षात बीआयएसनं ५०० हून जास्त हेल्मेटचे नमुने तपासले आणि ३० हून जास्त छापे टाकले. दिल्लीत परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांवर हेल्मेट जप्त झाली. पण देशात दुचाकी आहेत २१ कोटींहून जास्त.

रस्त्यावरच्या पोलिसांचीही अडचण असते. टोपी हेल्मेट लांबूनच ओळखू येतं. पण खोटा आयएसआय स्टिकर लावलेलं हेल्मेट चौकात उभं राहून तपासता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा लागते. म्हणून फक्त चालकाला चलान देऊन हा प्रश्न सुटत नाही. माल जिथून येतो, तिथंही हात घालावा लागतो.

स्वस्त हेल्मेटनं फरक काय पडतो?

चांगल्या हेल्मेटमध्ये बाहेरच्या कडक कवचाच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. डोकं आपटलं की तो थर दबतो, फुटतो आणि धक्क्याचा जोर स्वतः घेतो. टोपी हेल्मेटमध्ये बहुतेक वेळा प्लॅस्टिक आणि पातळ फोम एवढंच असतं. धक्का थेट कवटीपर्यंत जातो.

हेल्मेटवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर असं दिसलं की, हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा अपघातांत मृत्यू झाला. म्हणजे दिवसाला सरासरी १३७. यातले १४,३३७ जण मागे बसलेले होते. गाडी चालवणाऱ्याकडे हेल्मेट आणि मागे बसलेल्या आई, बायको, बहिणीच्या डोक्यावर फक्त पदर किंवा ओढणी, हे चित्र आपल्याकडे नवीन नाही.

खरं हेल्मेट कसं ओळखायचं?

- आयएसआय चिन्ह पाहा. त्याच्या वर ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक हवा.
- तो परवाना क्रमांक मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे का, ते कळतं.
- आतल्या बाजूला बोटानं दाबून पाहा. मऊ कापडाच्या मागे जाड, घट्ट थर हाताला लागला पाहिजे.
- पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ढकला. ते निघून आलं, तर तो साईज तुमचा नाही.
- फक्त ‘डीओटी’ लिहिलेलं पाहून घेऊ नका. ते अमेरिकेचं मानक आहे, भारतात आयएसआय मार्क लागतोच.
- नवीन गाडी घेताना मानकांनुसार हेल्मेट देणं नियमानं बंधनकारक आहे. शोरूममध्ये ते मागून घ्या.
- नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही त्यांच्या मापाचं हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आवश्यक आहे. मूल सोबत असेल तर वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

वाशीसारख्या ठिकाणी डोक्याला गंभीर मार लागला, तर मोठ्या उपचारांसाठी धाराशिव किंवा सोलापूर गाठावं लागतं. त्या प्रवासात जाणारा वेळ कुणाच्याच हातात नसतो. घरातून निघताना डोक्यावर काय घालायचं, हे मात्र आपल्या हातात असतं. त्यामुळे आज घरातलं हेल्मेट उलटं करून त्यावरचा क्रमांक एकदा तपासा. आणि दुसरं हेल्मेट घरात नसेल, तर मागे बसणाऱ्यासाठी तेही घ्या.