मिररलेस कॅमेऱ्यासाठी बहुपयोगी झूम लेन्स : निवड कशी करावी?

दिवाळीचा बोनस, वर्षभराची बचत किंवा निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम यांतून एक चांगला कॅमेरा घ्यावा, ही हौस अनेक कुटुंबांत असते. कॅमेरा कोणता घ्यावा याविषयी चार जणांना विचारले जाते, जाहिराती चाळल्या जातात. त्यावर कोणती लेन्स लावावी, हा प्रश्न मात्र बहुधा दुकानाच्या काउंटरवरच, पाच मिनिटांत निकाली निघतो. वास्तविक छायाचित्राचा दर्जा ठरविण्यात लेन्सचा वाटा मोठा असतो. कॅमेऱ्याची नवनवी मॉडेल्स येत राहतात व काही वर्षांनी तो बदलावासा वाटतो. चांगली जपलेली लेन्स मात्र त्याहून कितीतरी अधिक काळ साथ देते. चुकीची निवड झाल्यास लेन्स कपाटात पडून राहते आणि तिचे हप्ते मात्र दरमहा खात्यातून वळते होत राहतात. म्हणूनच या खरेदीमागील गणित समजून घेणे हिताचे ठरते.

आरसा गेला, काय बदलले?

पूर्वीच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आदळून वर, डोळ्याकडे वळत असे. मिररलेस म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात तो थेट संवेदकावर, अर्थात सेन्सरवर पडतो आणि तेथे उमटलेली प्रतिमा छोट्या पडद्यावर दिसते. अदलाबदल करता येणाऱ्या लेन्सचा या प्रकारातील कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ मध्ये बाजारात आणला. २०१३ मध्ये सोनीने मोठ्या, म्हणजे ३६ × २४ मि.मी. सेन्सरचे मिररलेस कॅमेरे आणले आणि २०१८ मध्ये कॅनन व निकॉन यांनीही त्याच मार्गावर पाऊल टाकले.

आरसा नाहीसा झाल्याने लेन्स सेन्सरच्या अधिक जवळ बसू लागली. कॅननच्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सचे बैठकीचे कडे सेन्सरपासून ४४ मि.मी. अंतरावर होते, नव्या आरएफ रचनेत ते २० मि.मी.वर आले. निकॉनमध्ये हे अंतर ४६.५ वरून १६ मि.मी.पर्यंत घटले. मोकळ्या झालेल्या या जागेत जोडकडे, म्हणजे अॅडॅप्टर बसवून जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर वापरता येतात. उलट दिशेने मात्र हे साधत नाही. घरात जुन्या चांगल्या लेन्स असतील, तर नव्या खरेदीपूर्वी हा पर्याय तपासून पाहावा.

या रचनेचा एक तोटाही आहे. आरशाचा आडोसा नसल्यामुळे लेन्स काढताच धूळ थेट सेन्सरपर्यंत पोहोचू शकते. कच्छच्या रणात किंवा राजस्थानच्या वाळूत वारंवार लेन्स बदलणे धोक्याचे असते. सर्व कामे निभावून नेणाऱ्या एकाच झूम लेन्सचे महत्त्व त्यामुळे अधिकच वाढते.

मिलिमीटरचे गणित

लेन्सवर २४-१०५ किंवा २८-२०० असे जे आकडे असतात, ते नाभीय अंतर, म्हणजेच छायाचित्रकारांच्या भाषेतील फोकल लेंथ दर्शवितात. आकडा लहान असेल तर दृश्याचा आवाका मोठा, आणि आकडा मोठा असेल तर दूरची वस्तू जवळ येते. एक सोपे सूत्र लक्षात ठेवावे : सेन्सरची रुंदी गुणिले वस्तूचे अंतर, भागिले फोकल लेंथ. ३६ मि.मी. रुंदीच्या सेन्सरवर १० मीटर अंतरावरील दृश्य टिपताना २४ मि.मी.वर १५ मीटर, ५० मि.मी.वर ७.२ मीटर, १०५ मि.मी.वर सुमारे ३.४ मीटर आणि २०० मि.मी.वर १.८ मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत मावते.

दोन उदाहरणे घेऊ या. कोणार्कच्या सूर्यमंदिराचे दगडी चाक सुमारे ३ मीटर व्यासाचे आहे. ५ मीटरवर उभे राहून आडव्या चौकटीत ते पूर्ण घ्यायचे, तर ३५ मि.मी. पुरते, ५० मि.मी.वर चौकटीची उंची २.४ मीटरच भरत असल्याने चाक वर-खाली कापले जाते. दुसरे उदाहरण भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचे. तेथील चित्रबलाक हा पक्षी सुमारे १ मीटर उंच असतो. तो २० मीटरवर असताना १०५ मि.मी.वर चौकटीच्या उंचीच्या साधारण पाचव्या हिश्शात दिसतो, २०० मि.मी.वर दोन पंचमांश भागात आणि ४०० मि.मी.वर जवळजवळ पूर्ण चौकट व्यापतो. तात्पर्य, मंदिरे व वास्तू पाहणाऱ्यास लहान आकडा हवा, तर पक्षी पाहणाऱ्यास २०० मि.मी.सुद्धा अपुरे पडते.

२४ आणि २८ यांतील अंतर अवघ्या ४ मि.मी.चे वाटते, परंतु १० मीटरवर २४ मि.मी.मध्ये १५ मीटर, तर २८ मि.मी.मध्ये १३ मीटरांहून थोडी कमी रुंदी मावते. वाराणसीच्या अरुंद गल्लीत, जेथे मागे सरकायला जागाच नसते, तेथे हा फरक चटकन जाणवतो.

सेन्सर लहान असेल तर हे आकडे बदलतात. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरसाठी लेन्सवरील आकड्यास दीडने (कॅननमध्ये १.६ने) आणि मायक्रो फोर थर्ड्स प्रकारात दोनने गुणावे. त्यामुळे फुजीफिल्मची १६-८० मि.मी. लेन्स दृश्याच्या आवाक्यात २४-१२० इतकी आणि ऑलिम्पसने २०१६ मध्ये आणलेली १२-१०० मि.मी. लेन्स २४-२०० इतकी ठरते. दोन कॅमेऱ्यांची तुलना करताना हा गुणाकार विसरल्यास खरेदीचा सारा हिशेबच चुकतो.

प्रकाशाचा हिशेब

लेन्सवरील दुसरा आकडा एफ या अक्षराने सुरू होतो. फोकल लेंथला लेन्सच्या परिणामकारक छिद्राच्या व्यासाने भागले असता तो मिळतो. म्हणून आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ २.८ मधून एफ ४ च्या दुप्पट आणि एफ ५.६ च्या चौपट प्रकाश आत येतो.

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि आतला प्रकाश मंद असतो. तेथे एफ २.८ वर एक साठांश सेकंदात जे चित्र टिपता येईल, त्यासाठी एफ ५.६ वर एक पंधरांश सेकंद लागेल. इतका वेळ कॅमेरा हातात निश्चल धरणे कठीण. अशा वेळी लेन्समधील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा हाताचा कंप सावरते. भित्तिचित्र हलत नसल्याने काम होऊन जाते. घरातल्या बारशाला धावणारे मूल मात्र स्थिरीकरणाने थांबत नाही. कंप सावरता येतो, हालचाल नव्हे. तेथे अधिक प्रकाश घेणारी लेन्सच उपयोगी पडते. किती तरी समारंभांची छायाचित्रे धूसर येण्याचे कारण हेच असते.

एफ ३.५-६.३ असे दोन आकडे दिलेले असल्यास पहिला आकडा झूमच्या रुंद टोकाचा व दुसरा लांबच्या टोकाचा समजावा. जसजसे झूम करावे, तसतसा प्रकाश घटतो. सर्व लेन्समध्ये स्थिरीकरण नसते आणि सर्व कॅमेऱ्यांतही नसते. दोहोंपैकी एकात तरी ते आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

तीन घराणी

बहुपयोगी झूम लेन्सची ढोबळमानाने तीन घराणी मानता येतील.

पहिले घराणे एफ २.८ च्या लेन्सचे, उदाहरणार्थ २४-७० किंवा २८-७५ मि.मी. मंद प्रकाशात ही सर्वांत भरवशाची. मात्र पल्ला तोकडा आणि किंमत बहुधा चढी. वजनातही मोठी तफावत आढळते. सोनीची २०१६ मधील २४-७० मि.मी. लेन्स ८८६ ग्रॅमची होती, तर तिची २०२२ मधील सुधारित आवृत्ती ६९५ ग्रॅमची आहे. टॅमरॉनने २०१८ मध्ये सोनीच्या कॅमेऱ्यांसाठी आणलेली २८-७५ मि.मी. लेन्स ५५० ग्रॅमची होती.

दुसरे घराणे एफ ४ च्या २४-१०५ किंवा २४-१२० मि.मी. लेन्सचे. प्रवास, वास्तू, व्यक्तिचित्रे, कौटुंबिक समारंभ अशा बहुतेक प्रसंगी ही निभावून नेतात. सोनीची २४-१०५ मि.मी. लेन्स (२०१७) ६६३ ग्रॅम, कॅननची (२०१८) ७०० ग्रॅम, तर निकॉनची २४-१२० मि.मी. लेन्स ६३० ग्रॅम वजनाची आहे.

तिसरे घराणे दीर्घ पल्ल्याचे : निकॉनची २४-२००, टॅमरॉनची २८-२००, कॅननची २४-२४० मि.मी. यांपैकी पहिल्या दोहोंचे वजन सुमारे पावणेसहाशे ग्रॅम आहे. एकाच लेन्समध्ये गल्लीपासून दूरच्या शिखरापर्यंतचे सारे सामावते. त्याची किंमत मंद प्रकाशात आणि चौकटीच्या कडांवरील स्पष्टतेत मोजावी लागते. कडांजवळ रेषा वाकण्याचा दोष आता कॅमेराच आपोआप दुरुस्त करतो. परंतु कमी पडलेला प्रकाश कोणतीही दुरुस्ती भरून काढू शकत नाही.

कोणासाठी कोणती?

रजा प्रवास सवलतीचा लाभ घेऊन सहकुटुंब लडाख, हंपी किंवा मदुराईला निघालेल्या कर्मचाऱ्यास, तसेच खांद्यावर भार नको असलेल्या ज्येष्ठ नागरिकास तिसरे घराणे सोयीचे. दिवसाउजेडी फिरणे असल्याने कमी प्रकाशाची अडचण फारशी येत नाही. घरात लहान मूल असून बहुतेक छायाचित्रे दिवाणखान्यातच काढली जात असतील, तर पहिले घराणे पाहावे. दोन्ही कामे थोडीथोडी असतील, तर दुसरे घराणे हा समतोल मार्ग.

छोट्या गावात लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून चरितार्थ चालविणाऱ्यांचा विचार वेगळा करावयास हवा. त्यांच्यासाठी लेन्स हे उत्पन्नाचे साधन असते. मंगल कार्यालयातील अपुऱ्या उजेडात हुकलेला मंगलाष्टकांचा क्षण पुन्हा मिळत नाही आणि त्याबरोबर पुढची ऑर्डरही जाते. अशांनी पल्ल्याचा मोह सोडून एफ २.८ लाच प्राधान्य द्यावे.

निर्णय होत नसल्यास एक विनाखर्चाचा उपाय आहे. प्रत्येक डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये फोकल लेंथ, छिद्र व वेग यांची नोंद आपोआप होत असते. जुन्या कॅमेऱ्याने काढलेली, मनापासून आवडलेली दोनशे छायाचित्रे संगणकावर उघडावीत आणि हे आकडे वहीत उतरवावेत. बहुतेक चित्रे २४ ते ७० मधील असल्यास २०० मि.मी.साठी पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. इतरांच्या मतापेक्षा स्वतःच्या सवयीची ही साक्ष अधिक विश्वसनीय असते.

दुकानात आणि हप्त्यांच्या कागदावर

लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून पाहावी. भिंतीवर सपाट लावलेल्या वर्तमानपत्राचे दोन्ही टोकांच्या झूमवर छायाचित्र घ्यावे व चारही कोपऱ्यांतील अक्षरे सारखीच स्पष्ट आहेत का, ते पडद्यावर मोठे करून तपासावे. एकच कोपरा अस्पष्ट असल्यास लेन्सच्या जुळणीत दोष असू शकतो. जुनी लेन्स घेताना विजेरीचा झोत आत टाकून बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, ते पाहावे. पक्के बिल, त्यावरील क्रमांक आणि भारतात लागू असणारे हमीपत्र यांवाचून स्वस्त मिळणारी लेन्स दुरुस्तीच्या वेळी महाग पडू शकते.

‘बिनव्याजी हप्ते’ या शब्दांनी भुलून जाऊ नये. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट केले होते. समजा, एखादी लेन्स रोखीने ५७,००० रुपयांना आणि हप्त्यांनी दरमहा ५,००० प्रमाणे बारा महिन्यांत ६०,००० रुपयांना मिळते. मधला ३,००० रुपयांचा फरक हेच व्याज होय; आणि मुद्दल दरमहा घटत असल्याने त्याचा वार्षिक दर सुमारे साडेनऊ टक्के पडतो. प्रक्रिया शुल्क असल्यास तो आणखी वाढतो. हप्ते घेणे गैर नाही. परंतु रोखीची किंमत विचारल्याखेरीज सही करू नये.

घेतल्यानंतर

आपल्याकडील पावसाळा हा लेन्सचा मोठा शत्रू. कोकण, गोवा, केरळ, बंगाल अशा दमट प्रदेशांत बंद कपाटातील लेन्सवर बुरशी सहज धरते. चामड्याच्या पिशवीत ओल टिकून राहते, म्हणून लेन्स तीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या व छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. ओल शोषून घेतलेल्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात.

बुरशीपासून बचावाचा याहून सोपा उपाय म्हणजे लेन्स नियमित वापरात ठेवणे. उजेड व खेळती हवा मिळत राहिल्यास बुरशीला थारा मिळत नाही. आणि नियमित वापर होतो तो गरजेप्रमाणे, पेलवेल त्या वजनाच्या व खिशाला झेपेल त्या किमतीच्या लेन्सचाच. खरेदीपूर्वी वहीत मांडलेला अर्ध्या तासाचा हिशेब पुढील कित्येक वर्षांच्या समाधानाची तरतूद करून ठेवतो.