काणीची काळी भुकटी आणि कागदी सूक्ष्मदर्शक



उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघाला की ती काणी, हे आपण जाणतोच. पण त्या भुकटीचा एकेक कण म्हणजे बुरशीचा बीजाणू, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. नुसत्या डोळ्याला दिसायचा कसा?

हायस्कुलात सूक्ष्मदर्शक नसतो असे नाही. पण साठ मुलांचा वर्ग, पंचेचाळीस मिनिटांचा तास आणि यंत्र एकच, असा हिशेब मांडून बघा. एकेकाच्या वाट्याला पाऊण मिनिट! तेवढ्यात भिंग जुळवायचे की बघायचे?

यावर तोड काढली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश व जिम सायबुल्स्की यांनी. मनू प्रकाश आपल्याच मेरठचे, कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये शिकलेले. २०१४ साली त्यांनी ‘फोल्डस्कोप’ची माहिती प्रसिद्ध केली. कागदाच्या घड्या घालून तो मुलांनीच बनवायचा. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत येतो, असे त्यांनी तेव्हा दाखवून दिले. २०१५ साली आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्यांच्याशी करारही केला.

यात गौडबंगाल काही नाही. आत मण्यासारखे एकच बारीक, गोल भिंग असते. भिंग जितके लहान तितका त्याचा बाक जास्त, आणि वस्तू तितकी मोठी दिसते. हॉलंडच्या लेव्हेनहूकने सतराव्या शतकात असल्याच एका भिंगातून पाण्यातले जीव पाहिले होते. फोल्डस्कोप वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो. म्हणजे काणीचा बीजाणू राजगिऱ्याच्या दाण्याएवढा दिसेल!

चिकटपट्टीवर चिमूटभर भुकटी टिपावी आणि उजेडाकडे धरून बघावे. सूर्याकडे मात्र कधीही धरू नये. काणीचा पट्टा तोडण्याआधी त्यावर पिशवी चढवावी, नाहीतर भुकटी वाऱ्याने रानभर होते. बेट मुळासकट उपटून जाळावे.

या यंत्राने रोग बरा होत नाही, आणि पक्के निदान कृषी अधिकाऱ्यांकडूनच करून घ्यावे. पण एका पट्ट्यात असे किती कण असतील, हे ज्या पोराने डोळ्यांनी पाहिले, ते घरी येऊन सांगेल, “दादा, या रानातले बेणे नको!” ते बोलणे आपण ऐकू.

आपल्यापैकी बरेच सभासद शाळा समित्यांवर आहेत. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढावा, ही आमची विनंती.