कोण चढाईला, कोण कोपऱ्यात?

कबड्डीत एका संघाचे सात गडी मैदानात असतात. प्रत्येकाला वाटते, चढाई मीच करणार. मलाही तसेच वाटायचे. पण गुरुजी म्हणाले, "नुसते वाटून चालत नाही, मोजून बघायचे."

मग आम्ही वहीत लिहू लागलो. माझ्या १० चढाया झाल्या. २ वेळा गडी बाद केला, ३ वेळा तसाच परत आलो आणि ५ वेळा मीच सापडलो. मला रडूच आले. गुरुजी म्हणाले, एका दिवसावरून काही ठरत नाही. म्हणून महिनाभर लिहिले. शेवटी दहात ३ गडी झाले. म्हणजे सुधारलो, पण थोडाच.

चढाई ३० सेकंदांची असते. दम सोडायचा नाही, निदानरेषा ओलांडायची. त्याला चपळ पाय लागतात. मधल्या गड्याला ताकद लागते. कोपऱ्यातल्या गड्याला धीर लागतो. समोरच्याने पाय पुढे टाकला की लगेच घोटा धरायचा. घाई केली की आपणच बाद!

माझ्या पकडी मात्र दहात ६ निघाल्या. म्हणून मी आता डाव्या कोपऱ्यात असतो.

पालकांनो, आपला मुलगा चढाईला नाही म्हणून रागावू नका. आमचे अण्णासुद्धा आधी रागावले होते. पण गडी बाद केला तर एक गुण, आणि चढाईवाला पकडला तरी एकच गुण मिळतो!

(इयत्ता ४ थी)