एमआरआयमधले पांढरे ठिपके आणि पायांच्या मुंग्या

“तळपायांना मुंग्या येतात म्हणून मेंदूचा एमआरआय केला, तर त्यात पांढरे ठिपके निघाले. म्हणजे मेंदूचाच आजार ना?” हा प्रश्न सतत कानावर येतो. विचारणाऱ्याने तोवर इंटरनेटवर ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराबद्दल वाचून दोन-चार रात्री जागून काढलेल्या असतात. घरातले धास्तावलेले असतात. ठिपके दिसले म्हणजे मुंग्यांचं कारण सापडलं, असं कुणीतरी ठामपणे सांगितलेलं असतं. हे थांबायला हवं.

रिपोर्टात ‘टी-टू फ्लेअर हायपरइंटेन्सिटीज, नॉनस्पेसिफिक’ असं लिहिलेलं असतं. त्या प्रकारच्या चित्रात काही जागा आजूबाजूपेक्षा पांढऱ्या दिसल्या आणि नुसत्या दिसण्यावरून कारण सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाढतं वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मायग्रेन, यांपैकी कशानेही असे ठिपके येतात. पन्नाशी-साठीनंतर तर ते कितीतरी जणांत सापडतात आणि त्यांना मुंग्यांचा मागमूसही नसतो.

विश्वास बसत नसेल तर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा अभ्यास पाहा. २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो प्रसिद्ध झाला. कुठल्याही तक्रारीसाठी न आलेल्या २,००० सामान्य नागरिकांच्या मेंदूचे एमआरआय काढले, सरासरी वय ६३. त्यांतल्या ७.२ टक्के लोकांत कधीच न जाणवलेल्या पक्षाघाताच्या खुणा निघाल्या, १.८ टक्के लोकांत फुगलेली रक्तवाहिनी आणि १.६ टक्के लोकांत साध्या, कर्करोगाच्या नसलेल्या गाठी. शोधायला गेलं की मेंदूत काहीतरी सापडतंच. जे सापडलं त्याचा तुमच्या तक्रारीशी संबंध आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.

ते तपासायचं कसं? बधिरपणा नेमका कुठे आहे, यावरून. मेंदूची उजवी बाजू शरीराच्या डाव्या बाजूची संवेदना सांभाळते, म्हणून मेंदूतल्या बिघाडाचा बधिरपणा बहुधा एकाच बाजूला येतो. दोन्ही पायांच्या बोटांत सुरू होऊन हळूहळू घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत चढणारा बधिरपणा हा बहुतेक वेळा पायांकडे जाणाऱ्या लांब नसांचा आजार असतो. मधुमेह हे त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. दुसरं बी-१२ची कमतरता, जी शाकाहारी लोकांत आणि वर्षानुवर्षं मधुमेहावरचं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत वारंवार आढळते. पायांतल्या नसा डोक्याच्या एमआरआयमध्ये येतच नाहीत! साखर आणि बी-१२ साध्या रक्ततपासणीत कळतात, त्या सोडून आधी हजारो रुपयांचा स्कॅन कशाला? अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होऊन जाग येते, हात झटकल्यावर बरं वाटतं, असं असेल तर नस बहुधा मनगटात दबलेली असते. ती एनसीव्हीमध्ये, म्हणजे नसांच्या वहनाच्या तपासणीत, कळते.

मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदानही नुसत्या ठिपक्यांवर होत नाही. त्याचे मॅक्डोनाल्ड निकष मुळात या आजाराची ठरावीक लक्षणं असलेल्यांसाठी आहेत, आणि ठिपके मेंदूत व मज्जारज्जूत कुठल्या जागी आहेत यालाही त्यात महत्त्व आहे. घाईची किंमत काय, हे २०१६च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसतं. हा आजार नसताना त्याचा शिक्का बसलेल्या ११० जणांपैकी ७० टक्के लोकांना त्यावरची औषधंही दिली गेली होती. त्यांतल्या बऱ्याच जणांना खरं तर मायग्रेन होता.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘एमआरआय नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ’: साफ चूक. अतिसूक्ष्म नसांच्या आजारात तर एनसीव्हीसुद्धा नॉर्मल येते. ‘एमआरआयने रेडिएशन बसतं’: त्यात क्ष-किरण नसतात, ते सीटी स्कॅनमध्ये असतात. ‘कॉन्ट्रास्ट घातला की रिपोर्ट पक्का’: शिरेतून दिल्या जाणाऱ्या या औषधाची गरज दरवेळी नसते, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो आधी सांगायलाच हवा. ‘बधिर चट्टा म्हणजे ॲलर्जी’: त्वचेवर फिकट वा लालसर चट्टा असून त्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. तो औषधांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ती औषधं मोफत मिळतात.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा एकच विचारा: “हा ठिपका ज्या जागी आहे, तिथल्या बिघाडाने माझा हा बधिरपणा येईल का?” मात्र चेहरा, हात, पाय एकाच बाजूने अचानक बधिर झाले, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर एमआरआयची अपॉइंटमेंट घेत बसू नका. १०८ला फोन करा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. हा पक्षाघात असू शकतो, आणि त्यातली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.