हत्ती गेला, शेपूट राहिलं

सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यात एक भलीमोठी पोलादी टाकी असते. तिथली माणसं तिला कन्व्हर्टर म्हणतात. आत बहुधा चार थर, प्रत्येकात बोटाच्या पेराएवढ्या उत्प्रेरकाच्या कड्या ओतलेल्या. गंधक जाळून निघालेला सल्फर डायऑक्साइड या थरांतून जाता जाता ऑक्सिजन घेतो आणि ट्रायऑक्साइड होतो.

गंमत थरांच्या मापात आहे. साठ टक्क्यांहून जास्त काम पहिलाच थर उरकतो, आणि सहसा सगळ्यांत कमी उत्प्रेरक त्याच्यातच असतो. शेवटच्या थराच्या वाट्याला येतात जेमतेम चार-पाच टक्के. तो मात्र सगळ्यांत जाड!

या प्रक्रियेत उष्णता सुटते. सुमारे 420 अंशांना आत शिरलेला वायू पहिल्या थरातून 600 च्या पुढे तापून बाहेर पडतो. एवढ्या तापमानाला ट्रायऑक्साइड पुन्हा फुटू लागतो आणि रूपांतर सत्तर टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे अडतं. मग उत्प्रेरक दुप्पट ओता, काटा हलत नाही. म्हणून वायू बाहेर काढून गार करायचा आणि पुढच्या थरात सोडायचा. गार वायूत मजल लांबची मारता येते, पण चाल मंदावते. त्यात डायऑक्साइडही विरळ झालेला. शेवटचा थर जाड होतो तो इथे.

मग आणखी गार का करत नाहीत? त्यासाठी एक कडी हातात घ्यावी. ती घडते डायॅटम नावाच्या सूक्ष्म शैवालाच्या सिलिकामय कवचांच्या मातीतून. तिच्या छिद्रांत व्हॅनेडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात आणि चालू कन्व्हर्टरमध्ये ते वितळलेले असतात! बाहेरून ठणठणीत घन दिसणाऱ्या कडीत खरं काम चालतं द्रवाच्या पातळ थरात. तापमान 400 च्या बरंच खाली गेलं, की व्हॅनेडियम त्या द्रवातून घन होऊन बाहेर पडतं आणि कडी जवळपास निकामी होते.

दिवसाला 1000 टन आम्ल हवं, तर साधारण 200 घनमीटर उत्प्रेरक लागतो. तो अरुंद, उंच टाकीत भरून जागा वाचवावी, असं कुणालाही वाटेल. पण टाकीचा छेद निम्मा केला की वायूचा वेग दुप्पट होतो आणि थराची उंचीही दुप्पट. दाबाची घट वेगाच्या जवळपास वर्गाने वाढते, म्हणजे एकूण सुमारे आठपट. तेवढा दाब ब्लोअरने द्यायचा, रात्रंदिवस. त्यापेक्षा दहा-बारा मीटर रुंद टाकी परवडते.

एवढा खटाटोप शेपटासाठी? हिशेब बघा. 1000 टनांच्या कारखान्यात रूपांतर 98 टक्क्यांवर थांबलं, तर रोज सुमारे 13 टन सल्फर डायऑक्साइड धुराड्यातून बाहेर जातो. शेवटच्या थराआधी तयार झालेला ट्रायऑक्साइड आम्लात शोषून घेतला, तर उरलेल्याला पुढे सरकायला वाव मिळतो आणि रूपांतर 99.7 टक्क्यांवर पोहोचतं. मग बाहेर जातो फक्त दोन टन.